उजवीकडची झडप

हेल्डुरची व्होल्वो चौथ्यांदा माझ्याकडे आली
तेव्हाही तिला काहीच झालेलं नव्हतं.
पहिल्या चावीला सुरू. गॅरेजच्या दारात उभी,
डॉक्टर दिसताच कण्हणं विसरलेल्या म्हातारीसारखी.

"चालता चालता बंद पडते," तो म्हणाला,
"अर्धा तास थांबलं की आपली आपण चालू."
कुठे? "कुठेही."
कधी? "कधीही."
माणसं असं बोलतात. गाड्या असं वागत नाहीत.

मी त्याला एक वही दिली. लिहा म्हटलं,
तारीख, थंडी, कितवा किलोमीटर, टाकीत किती.
आणि माझं मी करत राहिले.
प्लग बदलले, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली काजळी पुसली,
क्रँक सेन्सरवर मुलीचा हेअर ड्रायर धरून
वीस मिनिटं वाकून उभी राहिले.
शेजारी विचारून गेला, इंजिनाचे केस वाळवतेस का मारिका?
इंजिन चालूच.

मग तिला एकटीच घेऊन गेले, ओरिस्सारेहून कुरेस्सारेला.
ज्युनिपरच्या झुडपांवर धुकं गोठलेलं,
समुद्र कुठे संपतो आणि शेत कुठे लागतं ते कळत नव्हतं.
जाऊन आले.
थांबायचं नाव नाही.

दुकानातल्या बाईनं पावाचे पैसे घेताना हळूच सांगितलं,
"साल्मेला आवडत नाहीये ते."
साल्मे त्याची बायको. जाऊन तीन वर्षं झाली.
लाइडा शेजारी बसली की गाडी बंद पडते,
हे अख्ख्या बेटाला ठाऊक होतं, मला सोडून.
मेकॅनिकला लोक फक्त आवाज सांगतात.

मी हसले नाही. वही उघडली.
"७ फेब्रुवारी. उणे अकरा. बाविसावा किलोमीटर.
लाइडा चर्चच्या गळक्या छताबद्दल बोलत होती."
"१२ फेब्रुवारी. उणे चार. लाइडाचा दात."
"१५. बंद पडली नाही. एकटा होतो."

तेव्हा म्हटलं, चला तिघं जाऊ. मी मागे बसते.

लाइडा उंच, सत्तरीची, मांडीवर पिशवी,
पिशवीत अजून कोमट असलेला राईचा पाव.
फाटक ओलांडलं आणि हेल्डुरनं
रस्त्यावरची नजर न हलवता हात लांबवून
उजवीकडची गरम हवेची झडप उघडली,
तिच्या पायांशी.

एकटे असताना ही बंद असते?
"रिकाम्या जागेला कशाला ऊब," तो म्हणाला.

एकविसाव्या किलोमीटरला इंजिन गप्प झालं.
खोकला नाही, आचका नाही.
चावी फिरवली की मागून, टाकीतून,
पंपाची बारीक गुणगुण यायला हवी.
आली नाही.

लाइडाचे गुडघे बाजूला सारून मी पॅनल उघडलं.
हवेच्या नळीला अगदी लगटून पंपाचा रिले,
नुकत्या उतरवलेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा.
काढला, खिडकीबाहेर वाऱ्यात धरला
बोटं बधिर होईपर्यंत.
परत बसवला. चावी.
गुणगुण.

घरी भिंगाखाली दिसली ती:
सोल्डरच्या एका थेंबाभोवती केसाएवढी चीर,
थंडीत मिटणारी, उबेत उघडणारी.
इस्त्री तापायला लागला वेळ तेवढाच,
मग एक टोक टेकवणं, राळेचा धूर, झालं.

हेल्डुर गाडी न्यायला आला, लाइडा आधीच आत बसलेली.
"म्हणजे ती नव्हती?" त्यानं विचारलं.
रिले होता, मी म्हटलं.
तो हातमोजे घालत राहिला,
घातलेलेच काढून पुन्हा.
सुटल्यासारखा दिसला की कुणी सोडून गेल्यासारखा,
मला इंजिनापलीकडचं फारसं कळत नाही.

बसला. चावी फिरवली. हात उजवीकडे गेला.
लाइडानं तो वाटेतच धरला.
"नको," ती म्हणाली,
"पहिल्या दिवसापासून उकडतंय मला."